आपल्या जुन्या कॉलेजातली बास्केटबॉल स्पर्धा बघायला जाताना

आपल्या कॉलेजची मॅच बघायला निघालेले माजी विद्यार्थी बरेचदा अर्धी मॅच बाहेरच घालवतात. कोणी गेटवर अडकतं, कोणी तुर्भ्याला चुकीच्या गाडीत राहतं, आणि कोणी पोचतं तेव्हा कळतं की आपली मॅच तासभर आधीच लागून गेली. वेळेत पोचलेल्यांतले काहीजण स्वतः खेळायचे तेव्हाचे नियम डोक्यात धरून रेफ्रीवर ओरडत राहतात. कोर्टवरच्या मुलामुलींना मात्र खेळ कळणारा, वेळेवर आलेला आणि हाताशी येणारा माणूस हवा असतो. तसं जाता यावं म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांचा विचार करून ही माहिती लिहिली आहे.

आधी स्पर्धा कोणती ते विचारा

‘आपल्याकडे टूर्नामेंट आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. मुंबई विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तुमच्या कॉलेजच्या कोर्टवर असेल, तर तारखा आणि ड्रॉ (कोण कोणाशी कधी खेळणार ते) विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून ठरतात. कॉलेज फक्त यजमान असतं. कॉलेजच्या जिमखान्याची स्वतःची निमंत्रितांची स्पर्धा असेल, तर सगळं क्रीडा संचालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या हातात असतं. तिसरी म्हणजे फेस्टिव्हलमधली स्पर्धा. तिथे गर्दी सर्वांत जास्त, आणि प्रवेशाचे नियमही सर्वांत कडक. बाहेरच्यांना पास लागतो आणि तो आधी घ्यावा लागतो.

चौकशी ऑफिसात न करता जिमखान्यात करा. ऑफिसला सुट्टीचं माहीत असतं, ड्रॉचं नसतं. चार गोष्टी विचारायच्या: नॉक-आऊट (हरला की बाहेर) आहे की आधी लीग (गटातल्या प्रत्येकाशी मॅच), किती संघ आलेत, कोर्ट एक आहे की दोन, आणि घड्याळ रनिंग आहे की प्रत्येक शिट्टीला थांबणारं.

या चार उत्तरांवरून आपली मॅच कधी लागेल ते घरबसल्या काढता येतं. नॉक-आऊटमध्ये जितके संघ त्यापेक्षा एक मॅच कमी. ११ संघ असतील तर १० मॅच. २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे आकडे घेतले तर ११ च्या पुढचा आकडा १६, म्हणून १६ वजा ११ म्हणजे ५ संघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पुढे. उरलेले ६ संघ पहिल्या फेरीत ३ मॅच खेळतात आणि मग आठ संघांची उपांत्यपूर्व फेरी. तुमच्या कॉलेजला बाय असेल तर सकाळी साडेआठला जाऊन उपयोग नाही.

आता वेळ. १० मिनिटांचे चार क्वार्टर, रनिंग घड्याळ आणि मधली विश्रांती आखडती घेतली, तर एक मॅच वॉर्म-अपसकट ६०-६५ मिनिटं घेते. घड्याळ नियमाप्रमाणे प्रत्येक शिट्टीला थांबत असेल तर दीड तास, चुरशीची झाली तर पावणेदोन. समजा साडेआठला सुरुवात, एकच कोर्ट, रनिंग घड्याळ आणि तुमची मॅच चौथी. तीन मॅचची १९५ मिनिटं धरली की पावणेबारा होतात. पण पावणेबाराला निघू नका आणि पोचूही नका. दोनपैकी एक संघ आलाच नाही तर वॉकओव्हर होतो. नियमाने ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत संघ हजर नसेल किंवा पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर दुसरा संघ २०-० ने जिंकतो, आणि आयोजक पुढची मॅच ताबडतोब कोर्टवर घेतात. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या मॅचला हे वारंवार होतं, कारण मुलं कर्जत-कसाऱ्याकडून लोकलने येत असतात. म्हणून पावणेबाराचा हिशेब निघाला तर साडेदहाला कोर्टवर असा. उशीर झाला तर बसून राहाल, लवकर झाली तर चुकणार नाही.

पोचायचं कसं

तुम्ही २००४ च्या आधी शिकलेले असाल, तर ठाण्याहून वाशीला लोकल नव्हती, बसचाच आधार होता. आता ट्रान्सहार्बरने ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास. चूक होते ती तुर्भ्याला. तिथून मार्ग फुटतो: वाशीची गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते, नेरुळ-पनवेलची जुईनगरकडे वळते. कॉलेज वाशीत असेल आणि पनवेल गाडीत बसला असाल तर तुर्भ्याला उतरून बदला. नेरुळला जायचं असेल तर वाशी गाडी नको. ठाणे स्टेशनात ट्रान्सहार्बरचे फलाट पूर्वेच्या टोकाला आहेत. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी पूल ओलांडायला पाच-सात मिनिटं जास्तीची धरावीत.

वाशी स्टेशन सेक्टर ३० च्या बाजूला आणि बहुतेक जुनी वस्ती, कॉलेजं सायन-पनवेल हायवेच्या पलीकडे. नकाशात जवळ दिसतं, पण हायवे ओलांडून उन्हात चालत जाण्यापेक्षा रिक्षा बरी. ठाण्यात खाडीकडच्या ज्ञानद्वीप संकुलासारख्या, म्हणजे जोशी-बेडेकर, बांदोडकरच्या परिसरात जायचं असेल तर स्टेशनपासून पायी जाता येतं आणि तेच शहाणपणाचं. स्टेशन परिसरात गाडी लावायला जागा शोधण्यात पहिला क्वार्टर जातो.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघाच. मध्य आणि हार्बरवर तो साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ च्या आसपास असतो, आणि सेमीफायनलची वेळ नेमकी तीच. खाणं मॅचच्या आधी उरकायचं असेल तर ठाण्यात मामलेदारची मिसळ किंवा कुंजविहारचा वडापाव आहेच, पण झणझणीत मिसळ खाऊन दुपारच्या उन्हात सिमेंटच्या पायरीवर दोन तास बसणं अवघड जातं. ती परतीला ठेवा.

गेटवर

वॉचमन तुम्हाला ओळखत नाही आणि त्याने ओळखावं अशी अपेक्षाही ठेवू नये. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी कॉलेजांनी आता नावं नोंदवायला सुरुवात केली आहे. आदल्या दिवशी जिमखान्याकडे येणाऱ्यांच्या नावांची यादी आणि गाडी आणणार असाल तर तिचा नंबर द्या. खिशात आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स ठेवा, जुनं आयकार्ड किंवा मार्कशीटचा फोटो फोनमध्ये असू द्या. आठ-दहा जण असाल तर एकत्र गेटवर या. एकेकाने येऊन दर वेळी आत फोन लावला की ज्या मुलाने तुमची नावं दिली त्याला टेबल सोडून पळावं लागतं.

ढोल-ताशा न्यायचा बेत असेल तर प्राचार्यांची परवानगी आधी घ्या. शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो, आणि स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या इमारतीत परीक्षा चालू असणं अजिबात दुर्मीळ नाही. टाळ्या आणि घोषणा पुरेशा असतात.

काय न्यायचं, काय घालायचं

स्वतःसाठी माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि बसायला जाड सतरंजी किंवा घडी घातलेली चादर. दुपारी सिमेंटच्या पायऱ्या इतक्या तापतात की वर्तमानपत्र पुरत नाही. पायात सपाट रबरी तळव्याचे बूट. सिंथेटिक कोर्टवर टाचांच्या चपला घालून कोणी चाललं तर खळगे पडतात, आणि लाकडी कोर्टवर तर बाहेरचे बूट घालून पाऊलच ठेवू नये.

कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घालायचे ठरलं असेल तर आधी ड्रॉ बघा. नियमाप्रमाणे ज्या संघाचं नाव पहिलं लिहिलेलं असतं तो फिक्या रंगाची जर्सी घालतो, दुसरा गडद. तुमचं कॉलेज दुसरं असेल आणि तुम्ही सगळे पांढऱ्यात आलात, तर मैदानाबाहेर समोरच्या संघाचे पाठीराखे दिसाल.

बसायचं कुठे

कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंगमागे, म्हणजे १५ मीटरच्या बाजूला बसू नका. ले-अपला, म्हणजे रिंगजवळ जाऊन बॉल टाकायला, धावत आलेला खेळाडू तिथेच येऊन थांबतो, आणि खाली बसलेल्याच्या पसरलेल्या पायावर त्याचा पाय पडला की त्याचा घोटा मुरगळतो. रेषेपासून २ मीटर जागा सगळीकडून मोकळी हवी. पिशव्या, बाटल्या, लहान मुलं, सगळं त्याच्या मागे.

चांगली जागा म्हणजे स्कोरटेबलच्या समोरची लांब बाजू. बाकं आणि टेबल एकाच बाजूला असतात, त्यामुळे समोरून घड्याळ, फाऊलचे आकडे आणि दोन्ही संघांची बाकं दिसतात. पहिल्या हाफमध्ये प्रत्येक संघ समोरच्या संघाच्या बाकाकडच्या रिंगवर चढाई करतो, दुसऱ्या हाफमध्ये आपल्या बाकाकडच्या. शेवटचा क्वार्टर जवळून बघायचा असेल तर आपल्या संघाच्या बाकासमोरच्या अर्ध्या भागात बसा.

उघड्या कोर्टवर दुपारनंतरची मॅच असेल आणि दोन्ही लांब बाजूंना बसायची सोय असेल, तर पश्चिमेची बाजू धरा. सूर्य पाठीमागे राहतो. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्यास्त सहा ते साडेसहाच्या आसपास होतो आणि त्याआधीचा तासभर ऊन सरळ डोळ्यांत येतं.

तुम्ही खेळायचात त्यानंतर काय बदललं

माजी खेळाडूंनी हा भाग नीट वाचावा, कारण प्रेक्षकांतले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

नव्वदच्या दशकात खेळलेल्यांना २० मिनिटांचे दोन हाफ आठवतात. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, २००० साली १० मिनिटांचे चार क्वार्टर आणले, आणि त्याच वेळी शॉटसाठीचे ३० सेकंद २४ वर आले, अर्धरेषा ओलांडायचे १० सेकंद ८ वर. तेव्हापासून खेळाचा वेग बदलला. तुमच्या काळी बॉल निवांत वर आणून रचना लावणारा गार्ड आज तसं करू लागला तर आठ सेकंदांची शिट्टी येते.

कोर्टही बदललं. थ्री-पॉइंटची रेषा ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ६.७५ वर गेली. रिंगखालचा खाली रुंद होत जाणारा पट्टा सरळ आयत झाला, आणि रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आलं. त्या अर्धवर्तुळात पाय रोवून उभ्या असलेल्या बचाव करणाऱ्या खेळाडूवर हवेतला खेळाडू आदळला, तर चार्जिंग (आदळणाऱ्याचा फाऊल) सहसा दिलं जात नाही. पूर्वी ते दिलं जायचं, म्हणून जुने लोक ‘चार्ज! चार्ज!’ ओरडतात. काही कॉलेजांच्या सिमेंट कोर्टवर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रेषा रंगवलेल्या असतात. मॅच सुरू होण्यापूर्वी कोणती धरायची ते रेफ्री सांगतात. ते ऐकलं असेल तर नंतर दोन की तीन हा प्रश्न पडत नाही.

सर्वांत जास्त आरडाओरडा होतो तो ट्रॅव्हलिंगवर, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्यावर. २०१७ पासून धावत असताना बॉल पकडला तर त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय शून्य धरतात, आणि त्यानंतर दोन पावलं चालतात. डोळ्याला तीन दिसतात आणि ते नियमात बसतं. तुमच्या मनात ‘स्टेप्स’ ही शिट्टी वाजेल. रेफ्रीची वाजणार नाही आणि तो बरोबर असेल. मात्र जागच्या जागी उभं राहून बॉल पकडलेल्याला ही सूट नाही. रोवलेला (पिव्हट) पाय उचलण्याआधी बॉल हातातून सुटून ड्रिबल सुरू व्हायला हवा, आणि कॉलेजच्या मुलांची चूक इथेच जास्त होते.

दोघांनी एकदम बॉल पकडला की पूर्वी जंप बॉल व्हायचा. आता जंप बॉल फक्त सुरुवातीला. त्यानंतर टेबलावरचा बाण ज्या दिशेला असेल त्या संघाला बॉल मिळतो आणि बाण उलटतो. चढाई करणाऱ्या संघाचा शॉट रिंगला लागून त्यांनाच रिबाऊंड (परत उडालेला बॉल) मिळाला, तर शॉटचं घड्याळ पुन्हा २४ वर न जाता १४ वर येतं. बऱ्याच कॉलेजांत मोठं शॉट-क्लॉक नसतं. अशा वेळी टेबलावरचा एकजण स्टॉपवॉच धरतो आणि शेवटचे सेकंद मोठ्याने मोजतो. त्या वेळी प्रेक्षकांतून चुकीचं मोजणं हा शुद्ध खोडसाळपणा आहे.

एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट). खेळाडू पाच वैयक्तिक फाऊलवर बाहेर. म्हणून तिसऱ्या क्वार्टरमध्येच तुमच्या सेंटरचे (रिंगजवळ खेळणाऱ्याचे) चार फाऊल झाले आणि कोचने त्याला बसवलं, तर ‘त्याला का काढलं?’ असं ओरडू नका. तो शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवलेला असतो.

संघाला खरोखर उपयोगी पडेल असं

हार, शाल, भाषण यांची मुलांना गरज नसते. पाणी, बर्फ आणि कोरडं कापड यांची असते.

पाण्यासाठी एका संघाला एका मॅचला २० लिटरचा एक जार पुरतो. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट कालवून देऊ नका, मळमळतं. पिकलेली केळी दोन डझन, तीही मॅचच्या तासभर आधी किंवा नंतर. कोल्ड्रिंक आणि वडे मॅच संपल्यावर. बर्फ दोन-तीन किलो थर्माकोलच्या डब्यात, सोबत १० सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज. घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं धरायचा, थेट कातडीला लावायचा नाही. मुलाला चार पावलंही टाकता येत नसतील तर बँडेज बांधून पुन्हा खेळवायचं नाही, एक्स-रेला न्यायचं. गाडी घेऊन आलेला माजी विद्यार्थी इथे सर्वांत कामाचा.

कोरड्या कापडाचं महत्त्व संध्याकाळच्या मॅचला कळतं. हिवाळ्यात खाडीकाठच्या भागात दिवे लागल्यावर उघड्या कोर्टवर दव धरतं. दिसत काही नाही, पण रंगवलेल्या पट्ट्यात बूट सरकतो. ओल्या फडक्याने पुसलं की धुळीचा पातळ चिखल होतो आणि घसरण वाढते. आधी रबरी वायपर, मग जुन्या सुती चादरी जमिनीवर पसरून दोघांनी दोन टोकं धरून सरळ ओढायच्या, रिंगखालचा पट्टा पहिला. एका संध्याकाळला पाच-सहा चादरी लागतात, कारण दोन फेऱ्यांत एक भिजते. घरातल्या जुन्या चादरी आणून दिल्यात तर आयोजक वर्षभर तुमचं नाव काढतील. धूळ बसवायला पाणी मारायचं असेल तर ते पहाटे, पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. ऐन वेळी नाही.

पैसे द्यायचे असतील तर खेळाडूच्या हातात देऊ नका. जिमखान्यामार्फत, पावती घेऊन द्या.

मॅचचं शूटिंग संघाला खूप उपयोगी पडतं, पण आधी कोच आणि कॅप्टनला विचारा. मुलींच्या संघाच्या बाबतीत हे विचारल्याशिवाय फोन काढूच नका, आणि त्यांच्या संमतीशिवाय इन्स्टाग्रामवर काही टाकू नका. फोन आडवा, स्टँडवर, अर्धरेषेसमोर आणि शक्य तितका उंचावर. पहिल्या मजल्याची गॅलरी सर्वांत चांगली. झूम करून बॉलमागे धावायचं नाही, दहाही खेळाडू चौकटीत राहिले पाहिजेत. प्रत्येक क्वार्टरची वेगळी फाईल करा. तासाभराच्या शूटिंगला सेटिंगनुसार ४ ते ८ जीबी जागा लागते. पॉवरबँक लावूनच सुरुवात करा.

संघाच्या बाकाकडे मात्र जाऊ नका, अगदी तुम्ही माजी कॅप्टन असलात तरी. टाइम-आऊट एका मिनिटाचा असतो, पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन. त्या मिनिटात मुलांनी एकच आवाज ऐकायला हवा, कोचचा. स्कोरटेबलवर गुण चुकल्यासारखे वाटले तर तेही तुम्ही जाऊन सांगायचं नाही. आपल्या कोचला इशारा करा, पुढचं तो बघेल.

माजी विद्यार्थ्यांची मैत्रीपूर्ण मॅच असेल तर

फायनलच्या आधी असा सामना ठेवायची पद्धत आहे. सहा मिनिटांचे चार क्वार्टर पुरे. त्याआधी पूर्ण १५ मिनिटं अंग गरम करा: हळू धावणं, पोटऱ्या ताणणं, मग छोट्या उड्या. चाळिशीनंतर थंड अंगाने पहिल्याच रिबाऊंडला उडी मारली की टाचेच्या वरची घोडशीर तुटू शकते. पोटरीत मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि मागे वळून बघितलं तर कोणीच नाही, तर तिथल्या तिथे थांबा आणि दवाखाना गाठा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये.

निघताना स्कोरशीट बघून जा

बक्षीस समारंभ झाला की टेबलावर एक कागद उरतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. मूळ प्रत आयोजकांकडे राहते, दोन्ही संघांना एकेक प्रत मिळते. आपल्या कॅप्टनकडून तिचा फोटो घ्या. लाल शाईने लिहिलेलं पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरचं, निळं किंवा काळं दुसऱ्या-चौथ्याचं. आकड्यावर तिरकी रेघ म्हणजे खेळता खेळता झालेली बास्केट, भरीव टिंब म्हणजे फ्री थ्रो, आणि खेळाडूच्या नंबराभोवती गोल असेल तर तो थ्री-पॉइंटर. फाऊलच्या चौकटीत ‘पी’ वैयक्तिक, ‘टी’ टेक्निकल, ‘यू’ खिलाडूवृत्तीविरुद्ध. शेजारी छोटा आकडा असेल तर तितके फ्री थ्रो दिले गेले. लाल-निळ्या रेघा मोजल्या की कुठल्या क्वार्टरमध्ये मॅच फिरली ते कळतं, आणि शेवटच्या आकड्याखालच्या दोन जाड रेघांशी ती संपते. तो फोटो ग्रुपवर टाका, खाली वर्ष आणि संघातल्या बाराही जणांची नावं लिहा. पुढच्या वर्षी कोणाला बघायला यायचं ते त्यावरून ठरेल.